सरकारी जाहीरनामे: हुकूम, बक्षीस आणि सवलत

माझ्या लहानपणीं आमच्या गांवच्या चावडीच्या भिंतीवर एक लांकडी फळी ठोकलेली होती. तालुक्याच्या कचेरींतून आलेले कागद तीवर खळीनें डकविलेले असत. पावसाची झड लागली म्हणजे ते भिजून लोंबत आणि उन्हाळ्यांत पिवळे पडून त्यांचे तुकडे वाऱ्यावर उडत. मला नुकतेंच वाचतां येऊं लागलें होतें. संध्याकाळीं देवळाकडे जातांना आजोबा मला त्या फळीपाशीं उभा करीत व म्हणत, "वाच रे, आज काय नवीन आहे तें." मी अक्षर लावून लावून वाचीत असें. अमुक तारखेच्या आंत अर्ज करावा, अमुक पिकास अमुक बक्षीस मिळेल, अमुक न केल्यास दंड होईल, असा तो मजकूर असे. माझें वाचून झालें कीं आजोबा क्षणभर थांबत आणि त्यांचा ठरलेला प्रश्न विचारीत, "वाचलेंस तें खरें, पण यांत आपल्याला काय?"

त्या वयांत मला त्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नसे. पुढें आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, लढायांच्या व तहांच्या तारखा घोकून घेतल्या, परंतु चावडीवरच्या त्या कागदांचाही कांहीं इतिहास असेल हें मनांत आलें नाहीं. निवृत्त झाल्यावर रिकाम्या वेळांत जुनीं गॅझेटियरें व सरकारी अहवाल चाळूं लागलों, तेव्हां तो कागद व तो प्रश्न पुन्हां समोर उभे राहिले. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्याच्या सरकारनें आणि कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनें जहाजांविषयीं, शेतीविषयीं व उद्योगधंद्यांविषयीं जे असंख्य जाहीरनामे काढले, त्यांतील थोडे आज आपण आजोबांच्या प्रश्नाचा दिवा हातीं घेऊन वाचून पाहूं.

प्रथम हे जाहीरनामे लोकांपर्यंत पोंचत कसे, तें सांगतों. गांवोगांव दवंडी पिटण्याची चाल तर फार जुनी. छापखान्याचें युग सुरू झाल्यावर मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतून सरकारी जाहिराती येऊं लागल्या. 'बॉम्बे कूरियर' या पत्रासाठीं १७९७ सालीं जिजीभाई छापगर या पारशी कारागिरानें गुजराती अक्षरांचे ठसे तयार केले, आणि पुढें थोड्याच वर्षांत त्या पत्रांत मोडी अक्षरांतील जाहिरातीही दिसूं लागल्या. देशी भाषेंतील छपाईच्या आरंभींच्या खुणा अशा जाहिरातींतच सांपडतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८३१ पासून मुंबई सरकारचें स्वतःचें गॅझेट निघूं लागलें आणि सरकारच्या इच्छा, आज्ञा व धमक्या यांना छापील घर मिळालें.

या जाहीरनाम्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग करतां येतात. पहिला हुकुमाचा, त्यांत न ऐकल्यास शिक्षा असते. दुसरा बक्षिसाचा, त्यांत यश आल्यास मान व पैसा असतो. तिसरा सवलतीचा, त्यांत सरकार देत कांहीं नाहीं, परंतु घ्यावयाचें तें घेत नाहीं, किंवा कमी घेतें. जहाजांच्या बाबतींत सरकार बहुधा पहिल्या भाषेंत बोललें, शेतीच्या बाबतींत दुसऱ्या, आणि उद्योगधंद्यांच्या बाबतींत तिसऱ्या भाषेंत बोलण्याची गरज असतां पुष्कळ काळ मौन धरून बसलें.

जहाजांपासून आरंभ करूं. मुंबईच्या गोदींतील जहाजबांधणी ही एके काळीं जगप्रसिद्ध होती. सुरतेहून १७३६ च्या सुमारास आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या ती कला सांभाळली. १७५० सालीं मुंबईंत सुकी गोदी तयार झाली. मलबारच्या सागाचीं जहाजें पाण्यांत वर्षानुवर्षें टिकत. १८१० सालीं येथें बांधलेलें 'मिंडेन' हें ब्रिटिश आरमाराच्या ताफ्यांतील मोठें लढाऊ जहाज. १८१३ च्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ सालीं चीनशीं नानकिंगचा तह झाला. १८१७ चें 'त्रिंकोमाली' तर आज दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत उभें आहे.

आतां अशा जहाजबांधणीच्या देशाला त्या काळचा कायदा काय सांगत होता तें पाहा. इंग्लंडच्या जुन्या नौकानयनाच्या कायद्यांचें मूळ सूत्र असें होतें कीं, ब्रिटिश जहाज म्हणवून घ्यावयाचें तर त्यावरील तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असले पाहिजेत. आमच्याकडील जहाजावर सारंग, तांडेल, खलाशी असे सर्व कोंकणचे, गुजराथचे, नाहींतर बंगालचे लोक. १८२३ च्या कायद्यानें स्पष्ट करून टाकलें कीं हे लोक इंग्रज राजाची प्रजा असले तरी या कामापुरते 'ब्रिटिश खलाशी' धरले जाणार नाहींत. प्रजा म्हणून कर द्यावयाचा, पण खलाशी म्हणून परका ठरावयाचें! जहाज मुंबईचें चालेल, साग मलबारचा चालेल, परंतु तें चालविणारा हात चालणार नाहीं, असा त्या नियमाचा अर्थ झाला. इंग्लंडच्या जहाजमालकांना व खलाशांना स्पर्धा नको होती, हें त्यामागचें सरळ कारण.

हे जुने नौकानयनाचे कायदे १८४९ सालीं इंग्लंडांत रद्द झाले आणि १८५० च्या कायद्यानें हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील व्यापार सर्व राष्ट्रांच्या जहाजांना मोकळा केला. कागदावर पाहिलें तर ही मोठी उदारता. परंतु तोंवर वाफेच्या व लोखंडाच्या जहाजांचें युग सुरू झालें होतें आणि आमचे सुतार सागाच्या लांकडाचे उस्ताद होते. दार उघडलें तें आंतल्या माणसाच्या पायांतलें बळ गेल्यावर. किनाऱ्यावरील व्यापार देशी जहाजांसाठीं राखून ठेवावा, असें विधेयक १९२८ सालीं साराभाई हाजी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडलें, आणि तें तेव्हां पार पडूं शकलें नाहीं. १८५० चा तो मोकळेपणा बंद करून घेण्यास देशाला स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

तथापि जहाजांचे सगळेच नियम स्वार्थाचे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. यात्रेकरूंनीं व मजुरांनीं खच्चून भरलेल्या जहाजांत माणसें कशीं मरत, हें पाहून १८५८ सालीं देशी उतारूंच्या जहाजांचा कायदा झाला. पुढें १८७०, १८७६ व १८८७ सालीं तो सुधारून वाढविण्यांत आला. माणशीं जागा किती, पिण्याचें पाणी किती, शिधा किती, हें त्यांत ठरविलेलें असे. हज यात्रेस मुंबई बंदरांतून निघणाऱ्या गरीब लोकांना या नियमांचा कांहीं तरी आधार झाला.

परंतु नियम छापला म्हणजे तो पाळला गेला असें होत नाहीं. कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट १८८८ च्या नोव्हेंबरांत काठेवाडच्या किनाऱ्यानजीक तुफानांत नाहींशी झाली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेंवर माणसें तिच्याबरोबर गेलीं. त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेले विद्यार्थी होते असें सांगतात. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे न गेलेला माणूस असल्यामुळें म्हणा, त्या मुलांची आठवण मला इतर मोठ्या आंकड्यांपेक्षां अधिक चटका लावून जाते. बोट नवी होती, तिच्यापाशीं उतारू नेण्याचा दाखला होता, कागदपत्र सर्व जागच्या जागीं होते. चौकशी झाली, तेव्हां जीव वाचविण्याचीं साधनें तिच्यावर पुरेशीं नव्हतीं असें दिसून आलें. मागून १९२७ सालीं कोंकण किनाऱ्यावर 'तुकाराम' व 'जयंती' या बोटी वादळांत गेल्या आणि १९४७ च्या १७ जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेंच्या वर माणसें बुडालीं. कोंकणांतील कित्येक घरांत आजही त्या दिवसाचें नांव हलक्या आवाजांत घेतलें जातें.

येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमचे कोळी व खारवी नारळी पौर्णिमेपूर्वीं समुद्रांत गलबत घालीत नाहींत. हा नियम कोणत्याही गॅझेटांत छापून आला म्हणून ते पाळीत नाहींत. समुद्राशीं पिढ्यान्‌पिढ्या संबंध आल्यामुळें तो त्यांच्या अंगीं मुरलेला आहे. सरकारी नियमाला असें मुरण्यास पुष्कळ वर्षें लागतात, आणि पुष्कळदां एखादी बोट बुडावी लागते.

आतां शेतीकडे वळूं. येथें सरकारची भाषा अगदीं निराळी, गोड आणि आर्जवी. सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या अमदानींत पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली आणि मुंबईस पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान संस्था स्थापन झाली. नवीं बीं-बियाणें आणावीं, रोपें वाटावीं, उत्तम पीक काढणारास पारितोषिक द्यावें, हा त्या संस्थेचा उद्देश. दापोडीच्या बागेवर १८३८ पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन होते. परदेशी झाडें दख्खनच्या हवेंत लावून पाहतांना त्यांना दिसलें कीं आधीं येथलें जंगलच वेगानें तुटत आहे. आणि हें सरकारच्या कानीं घालतां घालतां ते पुढें जंगलखात्याचे पहिले प्रमुख झाले.

याच काळांत मुत्ती नांवाच्या एका इटालियन गृहस्थानें पुण्याजवळ कोथरूड येथें तुतीची लागवड करून रेशमाचा धंदा सुरू करण्याचा खटाटोप केला. सरकारनें त्याला जमीन दिली, उत्तेजन दिलें, कलेक्टरांनीं तुतीची झाडें लावविलीं. आजच्या कोथरूडांतील इमारतींच्या दाटींत उभें राहून तेथें एके काळीं रेशमाचे किडे पाळण्याचे बेत झाले होते असें सांगितलें, तर कोणाचा विश्वास बसणार नाहीं. पण दख्खनच्या कोरड्या हवेंत तो उद्योग जीव धरूं शकला नाहीं. झाड लावण्यास सरकारी उत्तेजन होतें. किड्यांना जपणारे घरचे हात, कोशांना गिऱ्हाईक आणि बुडाल्यास आधार, या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

सरकारचा खरा जीव मात्र कापसावर जडला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस लागे आणि एकाच देशावर विसंबून राहणें त्यांना धोक्याचें वाटे. म्हणून कंपनी सरकारनें १८४० सालीं कॅप्टन बेल्स याच्याकरवीं अमेरिकेहून दहा मळेवाले आणविले व निरनिराळ्या प्रांतांत पाठविले. गुजराथेंत त्यांची डाळ शिजली नाहीं. परंतु पुढें मर्सर नांवाच्या मळेवाल्यानें धारवाड प्रांतांतील काळ्या जमिनींत अमेरिकन बियाणें लावून पाहिलें आणि तें चांगलें रुजलें. 'धारवाड अमेरिकन' हा कापसाचा प्रकार बाजारांत नांवाजला गेला, तो तेव्हांपासून.

बियाण्याबरोबर दांतेरी चकत्यांचें सॉ जिन हें सरकी काढण्याचें यंत्र आलें. आमच्या बायका घरोघर चरकी फिरवून सरकी काढीत. तें काम संथ, पण देशी कापसाच्या आंखूड धाग्याला तें मानवे. नव्या यंत्रानें काम झपाट्यानें होई, परंतु तें दुरुस्त करणारा लोहार गांवांत नसे, आणि देशी कापूस त्यांत घातला तर धागा तुटे. शेवटीं धारवाडास सरकारला त्या यंत्रांची दुरुस्ती करणारा कारखाना घालावा लागला, तेव्हां कोठें त्यांचा उपयोग होऊं लागला. बक्षिसापेक्षां दुरुस्ती अधिक मोलाची असते, हा धडा त्या कारखान्यानें दिला.

१८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि कापसाचे भाव आकाशाला भिडले. जें काम चाळीस वर्षांच्या उत्तेजनानें झालें नव्हतें, तें भावानें चार वर्षांत केलें. खानदेश, वऱ्हाड, धारवाड सगळीकडे कापूसच कापूस झाला. तो संपन्नतेचा पूर युद्ध संपतांच कसा ओसरला व मुंबईंतील शेअरबाजार १८६५ च्या जुलैंत कसा कोसळला, ती कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. सरकारनें मात्र या काळांत गोडी सोडून पुन्हां हुकुमाची भाषा धरली. कापसांत सरकी, माती, पाणी मिसळण्याविरुद्ध १८२९ सालींच एक नियम झालेला होता. १८६३ च्या कायद्यानें गठ्ठे दाबण्याच्या कारखान्यांना परवाने व तपासनीस लावले. त्या तपासणीचा खर्च फीच्या रूपानें व्यापारावर पडे. म्हणून व्यापारीच कुरकुरूं लागले आणि पुढें १८८० नंतरच्या वर्षांत ही सर्व व्यवस्था आवरती घेण्यांत आली.

प्रदर्शनें व बक्षिसें यांचा हंगामही याच सुमारास भरला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकारानें १८६५ च्या डिसेंबरांत नागपूर येथें कला, कारागिरी व शेतमाल यांचें मोठें प्रदर्शन झालें. त्या वेळीं नागपुरास आगगाडी पोंचलेली नव्हती. ती आली १८६७ सालीं. म्हणजे यंत्रें, गाईबैल, धान्याचे नमुने हें सर्व गाड्यांतून व पायवाटेनें आलें. १८६८ च्या अखेरीस भडोच येथेंही असेंच प्रदर्शन झालें. लोक कुतूहलानें जमले, वाफेचीं यंत्रें पाहून चकित झाले, बक्षिसें वांटलीं गेलीं. पण हीं बक्षिसें बहुतेक कोणाच्या पदरीं पडत असतील, याचा विचार करण्यास आंकडे शोधण्याची गरज नाहीं. ज्याच्या घरीं पोसलेला बैल आहे, ज्याला दोन आठवडे शेत सोडून जातां येतें, ज्याच्या कारकुनाला अर्ज लिहितां येतो, तोच प्रदर्शनांत उभा राहूं शकणार.

येथें एका मोठ्या माणसाची आठवण केली पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सरकारला ज्या सूचना केल्या आहेत, त्यांत दरवर्षीं शेतीचीं प्रदर्शनें भरवावीं, पिकांच्या व औत हांकण्याच्या परीक्षा घ्याव्या आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसें व पदव्या द्याव्या, अशीही एक सूचना आहे. सरकारवर एवढा असूड ओढणारा माणूसही बक्षिसाची कल्पना टाकून देत नाहीं. उलट ती मागून घेतो. परंतु ती त्यानें एकटी मागितली नाहीं. पाणी अडविण्यासाठीं बंधारे घाला, जनावरें वाढवा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, या मागण्यांच्या मालिकेंत त्यानें ती ओंवली आहे. शिक्षण व पाणी आधीं, म्हणजे मग बक्षीस हें खऱ्या शर्यतीचें होईल, हें त्याच्या मनांत होतें. बक्षिसाच्या जाहीरनाम्यांवर इतकी मार्मिक टीका दुसऱ्या कोणी केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

सवलतीचा एक दाखला मात्र सरकारच्या बाजूनें नोंदविला पाहिजे. १८३५-३६ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमिनीची नवी पाहणी करून सारा कमी केला आणि तो तीस वर्षें वाढविणार नाहीं असें जाहीर केलें. त्यापूर्वींच्या जबर आकारणीनें ओसाड पडलेल्या जमिनी त्यानंतर पुन्हां नांगराखालीं आल्या. पुढें १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्यांत असेंही तत्त्व घातलें गेलें कीं, रयतेनें स्वतःच्या खर्चानें विहीर खणली किंवा जमीन सुधारली, तर त्या सुधारणेमुळें सारा वाढवूं नये. विहीर खणणाऱ्याला कोणी पदक दिलें नाहीं. परंतु त्याच्या पाण्यावर डोळा ठेवणार नाहीं, एवढें वचन मिळालें. हें वचन हजार पदकांहून मोठें होतें. मात्र सावकाराच्या वहीवर या वचनाचा अंमल चालत नव्हता. १८७५ चे दख्खनचे दंगे झाले ते त्या वहीमुळें. तगाईचे कायदे १८८३ व १८८४ सालीं झाले, पण तगाई मिळण्यास हेलपाटे फार आणि सावकार दाराशींच बसलेला. म्हणून गरजवंताचे पाय बहुधा सावकाराकडेच वळत.

बक्षिसाच्या जाहीरनाम्यांचा शिरोमणि म्हणावा असा एक किस्सा आतां सांगतों. रिया किंवा रामी नांवाची एक वनस्पति आहे. तिच्या सालींतून रेशमासारखा चकाकणारा व अत्यंत बळकट धागा निघतो. पण ती साल डिंकासारख्या चिकट द्रव्यानें इतकी जखडलेली असते कीं धागा सोडविणें महाकर्म. हिंदुस्थान सरकारनें १८७० सालीं जगभर जाहीर केलें कीं, हा धागा काढण्याचें उत्तम यंत्र जो करील त्याला ५,००० पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारें ५०,००० रुपये, बक्षीस देऊं. अट अशी कीं, एक टन धाग्याचा सर्व खर्च १५ पौंडांच्या वर जाऊं नये आणि विलायतेच्या बाजारांत त्याला टनास निदान ५० पौंड किंमत यावी.

पुष्कळांनीं इच्छा दर्शविली. परंतु १८७२ च्या ऑगस्टांत सहारणपूरच्या सरकारी बागेंत परीक्षेचा दिवस उगवला, तेव्हां यंत्र घेऊन प्रत्यक्ष उतरला तो एकटा एडिंबरोचा जॉन ग्रेग. त्याच्या यंत्रानें अटी पुऱ्या झाल्या नाहींत. तरी श्रमाचा मोबदला म्हणून त्याला १,५०० पौंड देण्यांत आले. सरकारनें धीर सोडला नाहीं. १८७७ सालीं पुन्हां ५०,००० रुपयांचें व १०,००० रुपयांचें अशीं दोन बक्षिसें लावलीं. १८७९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत पुन्हां परीक्षा झाली. या वेळीं यंत्रें अधिक आलीं, पण पूर्ण बक्षिसास एकही पात्र ठरलें नाहीं. आणि १८८१ सालीं सरकारनें हा जाहीरनामा मागें घेतला.

या गोष्टीला मी सरकारची फजीति म्हणून हंसत नाहीं. बक्षीस जाहीर करून निसर्गाला कोडें उलगडावयास लावतां येत नाहीं, एवढेंच तीवरून दिसतें. शिवाय त्या जाहीरनाम्यांतील हिशेब पाहा. विलायतेंत भाव किती, टनास खर्च किती, याचा बारकाईनें विचार आहे. आसामांत व बंगालांत जो शेतकरी आपल्या परसांत ही रिया लावून हातानें सूत काढी, त्याला काय मिळावें याचा एक शब्द नाहीं. आजोबांचा प्रश्न तेथेंही लागू पडतो.

आतां उद्योगधंदे. येथें आरंभ बरा झाला होता. नव्या कल्पना शोधून काढणाराला चौदा वर्षें तिचा एकट्यानें लाभ घेऊं देणारा पहिला कायदा हिंदुस्थानांत १८५६ सालीं झाला, आणि त्याखालीं पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या डीपेनिंग नांवाच्या गृहस्थाचा. शोध होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा! विलायतेंत रेल्वेचे व तारायंत्राचे शोध लागत असतां येथें साहेबाचा पंखा कसा हलवावा याची विवंचना पहिली, हें वाचून हंसूं येतें. हा कायदा राणीची संमति न घेतां केला म्हणून पुढल्याच वर्षीं रद्द झाला व १८५९ सालीं पुन्हां करावा लागला. मुंबईस कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापडाची गिरणी उभारण्याची कंपनी काढली, आणि जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास सुरू झाली. हे धंदे धाडसावर व कापसाच्या शेजारावर उभे राहिले. सरकारी उत्तेजनावर नव्हे.

उत्तेजन दूरच, पुढें भार आला. १८९६ सालीं विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्के ठेवून तितकाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसविण्यांत आला. बाहेरच्या मालाला व घरच्या मालाला समान न्याय, असें त्याचें वर्णन झालें. मँचेस्टरला संतोष व्हावा म्हणून घातलेलें हें जूं देशी गिरण्यांच्या मानेवर तीस वर्षें राहिलें. १९२५ च्या अखेरीस तें तहकूब झालें व १९२६ सालीं निघालें.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९० सालीं पुण्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेच्या वेळीं या प्रश्नाचा फार खोल विचार मांडला. डच सरकारनें जावा बेटांत पैसा पुरवून उद्योग कसे वाढविले, याचें विवेचन करून त्यांनीं दाखविलें कीं सरकारच्या स्वस्त कर्जाचा आधार मिळाल्यास येथेंही धंदे उभे राहूं शकतील. डचांच्या त्या पद्धतींतील जुलूम त्यांना मान्य होता असें नाहीं. जोखीम वांटून घेण्याचें तिच्यांतील तत्त्व त्यांना हवें होतें. परंतु सरकारनें हें ऐकलें नाहीं. मद्रासेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा व कातडें कमावण्याचा धंदा सरकारी खर्चानें यशस्वी करून दाखविला, तेव्हां १९१० सालीं भारतमंत्री मोर्ले यांनीं खलिता पाठवून असल्या सरकारी व्यापाराला आळा घातला.

त्याच १९१० सालची आपल्या इकडची एक गोष्ट याच्या शेजारीं ठेवून पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांव सोडून कारखान्यासाठीं जागा शोधीत होते. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना कुंडलजवळ ओसाड माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग व साप यांनीं भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीति वाटे, आणि पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पण तोच नांगर पुढें महाराष्ट्रभर गेला. साम्राज्याच्या भारतमंत्र्याला जें तत्त्वाविरुद्ध वाटलें, तें एका लहानशा संस्थानिकानें बोलाचालींत करून टाकलें. त्यानें बक्षीस लावलें नाहीं. यश येण्यापूर्वीं विश्वास ठेवला. तळेगांवच्या कांच कारखान्यासाठीं अंताजीपंत काळे यांच्या पैसा फंडांत गोरगरिबांनीं एक एक पैसा टाकला, त्यांतही तोच विश्वास होता.

पहिल्या महायुद्धांत विलायतेचा माल येईनासा झाला तेव्हां सरकारचे डोळे उघडले. १९१६ सालीं औद्योगिक कमिशन बसलें. १९२४ सालीं पोलादाच्या धंद्याला जकातीचें संरक्षण मिळालें आणि १९३२ सालीं साखरेला. साखरेचा परिणाम तर डोळ्यांनीं दिसावा असा झाला. संरक्षणापूर्वीं देशांत साखरेचे कारखाने बत्तीस होते. चारपांच वर्षांत ते सव्वाशेंच्या वर गेले. दख्खनच्या कालव्यांवर ऊंस डोलूं लागला. आणि १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हां 'यांत आपल्याला काय' या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्यांनीं स्वतःच लिहावयास घेतलें. पुढें त्या उत्तरांतही पुष्कळ खाडाखोड झाली, तो विषय आजचा नव्हे.

श्रोतेहो, हे शे-दीडशें वर्षांचे कागद वाचून मला जें उमगलें तें थोडक्यांत सांगतों. जाहीरनामा हातीं आला म्हणजे त्यांत लिहिलेला मजकूर तर वाचावाच, पण तीन गोष्टी शोधाव्या. हें काम करावयाचें कोणी? साधलें तर लाभ कोणाला? आणि बुडालें तर घर कोणाचें बसणार? हुकुमांत पहिल्या प्रश्नाचें उत्तर ठळक अक्षरांत असतें, बक्षिसांत दुसऱ्याचें असतें; तिसऱ्याचें उत्तर बहुधा कोठेंच छापलेलें नसतें. ज्या थोड्या ठिकाणीं सरकारनें किंवा संस्थानिकानें तिसऱ्या प्रश्नाचा भार थोडा तरी आपल्या अंगावर घेतला, इंदापुरास सारा बांधून दिला, धारवाडास दुरुस्तीचा कारखाना काढला, कुंडलचा माळ दिला, तेथेंच कांहीं रुजलें. जेथें नुसतें पदक टांगलें, तेथें पदक राहिलें आणि पीक गेलें.

आमच्या चावडीवरची ती फळी आतां नाहीं. चावडीही नवी झाली आहे. आजोबांना जाऊन फार वर्षें झालीं. त्यांना लिहितां येत नव्हतें, आणि मीं वाचून दाखविलेल्या मजकुरापैकीं पुष्कळसा त्यांना समजतही नसेल. पण सरकारी कागदाला विचारण्याजोगा मुख्य प्रश्न त्यांना ठाऊक होता. तो प्रश्न विचारण्याची संवय आपल्या घरांतील मुलांना लागावी, एवढ्यासाठीं हें भाषण.